लिनक्स सर्व्हरवर अ‍ॅपचा लॉग नक्की सापडतो कुठे? (लाराव्हेल, इंजिनएक्स, पॅनेल नाही)

जमाखर्च (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी.

सांगलीत आमच्या ज्ञातीचं वधूवर सूचक मंडळ आहे. हिशेब मी बघतो, आणि कॉम्प्युटर हाताळता येतो म्हणून वेबसाइटही माझ्याच गळ्यात पडली. साइट लाराव्हेलमध्ये (पीएचपी भाषेतला तयार सांगाडा) आहे. ओळखीतल्या एका मुलाने बांधून दिली होती, तो आता परदेशात नोकरीला आहे. माझ्याकडे आयपी, युजर आणि पासवर्ड एवढंच आहे. भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर), उबंटू २२.०४ लिनक्स, वेब सर्व्हर इंजिनएक्स. सीपॅनेल वगैरे (बटणांनी सर्व्हर हाताळायचं पान) काही नाही, नुसती काळी खिडकी.

दुखणं असं. साइट उघडते, स्थळं दिसतात, शोधही चालतो. पण नवीन नोंदणीचा अर्ज भरून ‘जमा करा’ दाबलं की ‘५००’ एरर (सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडलं). बरं, हे रोज नाही. काही दिवस सगळं सुरळीत, आणि मग एखादा दिवस असा येतो की सकाळपासून रात्रीपर्यंत एकाही पालकाचा अर्ज जात नाही. दुसऱ्या दिवशी काहीही न करता बरं होतं. त्यात आणखी भानगड म्हणजे एरर दिसली तरी अर्ज डेटाबेसात गेलेला असतो. पालकांना वाटतं गेला नाही, ते पुन्हा भरतात. परवा एका मुलीच्या वडिलांचा फोन आला, "त्या घरात तिळे आहेत का हो?"

होस्टिंगवाल्यांना तिकीट टाकलं तर उत्तर आलं, "सर्व्हर व्यवस्थित आहे, अ‍ॅप्लिकेशनचा लॉग बघा."

बघतो ती नोंदींची फाइल, पण कुठे? स्टोरेज/लॉग्ज या फोल्डरात लाराव्हेल.लॉग आहे, त्यातली शेवटची ओळ कैक महिन्यांपूर्वीची. शेजारी रोजच्या तारखेच्या फायली आहेत, पण ज्या दिवशी साइट आजारी होती त्या दिवशीच्या फायलीत ‘नवीन स्थळांचे मेल पाठवले’ एवढी एकच ओळ. ५०० बद्दल चकार शब्द नाही. दुसरा लॉग असतो का? कुठे?

---

टिंबटिंब · रात्री ९:२६

पूर्ण फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) द्या, सर्व्हर रीस्टार्ट करा, झोपा.

---

दर्यावर्दी · रात्री ९:४०

आमचा वेंगुर्ल्याजवळ होमस्टे आहे, वर्डप्रेसवर साइट. माझ्याकडे सीपॅनेल आहे, तिथलं सांगतो. पब्लिक_एचटीएमएलच्या आत एरर_लॉग नावाची फाइल तयार होते, तिला शेपटी नसते. पीएचपी ज्या फोल्डरातून चालली त्या फोल्डरात ती पडते, त्यामुळे एक मुळाशी, एक डब्ल्यूपी-अ‍ॅडमिनमध्ये, अशा दोन-तीन सापडतात. कोण कुठून आलं त्याचा लॉग होम फोल्डरातल्या अ‍ॅक्सेस-लॉग्जमध्ये. आणि पॅनेलच्या मेट्रिक्स विभागात ‘एरर्स’ नावाचं बटण आहे, ते ताज्या एररी तिथल्या तिथे दाखवतं.

तुमच्याकडे पॅनेलच नाही म्हणताय, मग यातलं काय उपयोगी पडेल देव जाणे. पण धागा शोधत कोणी सीपॅनेलवाला इथे आला तर त्याला होईल.

---

निशिगंधा · रात्री ९:५२

@टिंबटिंब, ७७७ चं तेवढं मागे घ्या. त्या फोल्डरात सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोसेसला लिहायची मुभा देऊन बसाल. वधूवर मंडळाची साइट आहे, लोकांच्या जन्मतारखा, पगार आणि फोन नंबर आहेत तिथे.

@जमाखर्च, कोणी एन्व्ह (सेटिंगच्या) फायलीत ‘एपीपी_डीबग ट्रू करा’ असं सुचवलं तर तेही चालू साइटवर करू नका. एरर सापडेल खरी, पण ती तुमच्याबरोबर अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला दिसेल. आतला कोड, क्वेरी, सेटिंग, सगळ्यासकट.

---

कन्सोलकाका · रात्री १०:३१

जेवून आलो. आता नीट बोलू.

‘लॉग कुठे असतो’ असं विचारलं की माणसं पाठ केलेले पाथ सांगतात. उबंटू-डेबियनवर अपाचेचा लॉग /व्हार/लॉग/अपाचे२/एरर.लॉग. रेडहॅटच्या घराण्यात, म्हणजे अल्मा, रॉकी वगैरे, /व्हार/लॉग/एचटीटीपीडी/एरर_लॉग. इंजिनएक्सचा /व्हार/लॉग/इंजिनएक्स/एरर.लॉग. प्लेस्कवर /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/व्हीहोस्ट्स/सिस्टम/ च्या खाली डोमेनच्या नावाचं फोल्डर आणि त्यात लॉग्ज. डायरेक्टअ‍ॅडमिनवर /व्हार/लॉग/एचटीटीपीडी/डोमेन्स. हे सगळं खरं, पण ही कंपनीतून निघालेली मांडणी. ज्याने सर्व्हर लावला त्याने एका ओळीत ती बदललेली असू शकते. म्हणून मी पाथ आठवत बसत नाही. जो प्रोग्रॅम लिहितोय त्यालाच विचारतो.

(पाथ आणि कमांडा इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये, आणि नावाप्रमाणे अंडरस्कोअर, डॅश सांभाळून.)

इंजिनएक्सला विचारायचं असं: सुडो इंजिनएक्स -टी, यातला टी कॅपिटल. (सुडो म्हणजे सर्वाधिकारी ‘रूट’ युजरच्या हक्काने.) चालू असलेलं सगळं कॉन्फिगरेशन, आत जोडलेल्या फायलींसकट, एका दमात ओततो. ते ग्रेपकडे (शब्द शोधणारी कमांड) पाठवा आणि ‘_लॉग’ शोधा. प्रत्येक साइटचा अ‍ॅक्सेस_लॉग आणि एरर_लॉग कुठे जातो ते समोर येईल. एखाद्या साइटने आपला वेगळा लॉग ठेवला असेल तर तोही. अपाचे असता तर अपाचेसीटीएल -एस, कॅपिटल एस, आणि मग कॉन्फिगच्या फोल्डरात ‘एररलॉग’ शब्दाचा ग्रेप.

पीएचपीला विचारताना एक खड्डा आहे. ‘पीएचपी -आय’ मारून एरर_लॉग शोधाल तर उत्तर मिळेल, पण ते टर्मिनलवरच्या पीएचपीचं. उबंटूवर टर्मिनलची पीएचपी.आयएनआय (सेटिंग फाइल) वेगळी, /ईटीसी/पीएचपी/८.१/सीएलआय मध्ये, आणि वेबसाठी चालणाऱ्या एफपीएमची वेगळी, /ईटीसी/पीएचपी/८.१/एफपीएम मध्ये. साइट दुसरी वाचते. पुष्कळ जण पहिली बदलतात आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणून सगळं सोडून देतात.

त्यापुढची गोष्ट. उबंटूवर एफपीएमच्या त्या फायलीत लॉग_एरर्स चालू असतं, पण एरर_लॉगसमोर पाथ लिहिलेलाच नसतो. मग पीएचपीची एरर जाते कुठे? एफपीएम ती इंजिनएक्सच्या हातात देतं आणि इंजिनएक्स स्वतःच्या एरर.लॉगमध्ये लिहून ठेवतं. म्हणजे तुमच्या अ‍ॅपची गाऱ्हाणी वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये. लाराव्हेलच्या फोल्डरात काही नाही म्हणून थांबू नका, एक पायरी खाली उतरा.

आणि कॉन्फिगवर भरवसा नसेल तर थेट प्रोसेसला पकडा. पीएस लावून इंजिनएक्सच्या मास्टर प्रोसेसचा नंबर घ्या, मग सुडो एलएस -एल /प्रॉक/तो नंबर/एफडी. त्या प्रोसेसने या क्षणी उघडून ठेवलेल्या सगळ्या फायली दिसतात. तिथे जी लॉग फाइल दिसेल तीच खरी.

तीन गोष्टी करून इथे टाका: इंजिनएक्सचं उत्तर, त्या एरर.लॉगच्या शेवटच्या ओळी, आणि स्टोरेज/लॉग्ज मध्ये एलएस -एल (फायलींची यादी, मालकासकट) मारल्यावर काय दिसतं ते. शेवटची विसरू नका.

---

जमाखर्च · मंगळवार, सकाळी ७:०५

काका, इंजिनएक्सचं उत्तर मिळालं. एरर.लॉग नेहमीच्याच जागी आहे. पण कॅट मारलं तर ‘परमिशन डिनाइड’.

---

कन्सोलकाका · सकाळी ७:२०

सुडो लावा. त्या फायली एडीएम ग्रुपच्या लोकांनाच वाचता येतात. कायमचं हवं असेल तर स्वतःला त्या ग्रुपात घाला आणि लॉगआउट होऊन परत या, तोवर लागू होत नाही.

---

नेकारकाठ · सकाळी ७:४८ (इथे अजून रात्रच आहे, झोप येत नाहीये)

सुडोवरून आठवलं. अपाचेवाल्यांसाठी: सुडो झेडग्रेप काहीतरी /व्हार/लॉग/अपाचे२/*.जीझेड असं मारलं की ‘अशी फाइल नाही’ म्हणून उत्तर येतं, आणि फायली तर डोळ्यांसमोर असतात. कारण तो तारा उलगडायचं काम सुडोच्या आधी तुमचं शेल करतं, आणि तुमच्या शेलला त्या फोल्डरात डोकवायचीच परवानगी नसते. आधी सुडो -आय करून रूट व्हा, मग तीच कमांड चालते. जुने लॉग जीझेडमध्ये बांधलेले असतात, ते सोडवत बसायची गरज नाही. झेडग्रेप, झेडलेस थेट वाचतात.

---

जमाखर्च · सकाळी ९:५५

लॉग उघडला. पुष्कळ ओळी आहेत, बऱ्याचशा कुठल्यातरी डब्ल्यूपी-लॉगिन पानाच्या शोधात आलेल्यांच्या. आमच्याकडे वर्डप्रेस नाहीच!

पण वेळेचं कोडं सुटेना. काल सकाळी सव्वादहाला एका पालकांचा अर्ज अडकला, मी स्वतः फोनवर होतो. लॉगमध्ये सव्वादहाच्या आसपास काहीच नाही.

---

निशिगंधा · सकाळी १०:०२

डब्ल्यूपी-लॉगिनवाले म्हणजे बॉट. जगातल्या प्रत्येक आयपीवर टकटक करत फिरतात, सोडून द्या.

वेळ: सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असणार. टाइमडेटसीटीएल मारून बघा. आपली घड्याळं त्याच्या साडेपाच तास पुढे. तुमचे सव्वादहा म्हणजे लॉगमधले पावणेपाच. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये वेळेपुढे +०००० असं लिहिलेलं असतं म्हणून लक्षात तरी येतं, इंजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये तीही खूण नसते.

---

जमाखर्च · सकाळी १०:१९

सापडलं!! ०४:४७ ला आहे. ओळ लांबलचक आहे, तशीच्या तशी चिकटवतो:

[मजकूर संपादकांनी काढला]

---

निशिगंधा · सकाळी १०:२४

अहो जमाखर्च, त्या ओळीत डोमेन, मुलीचं नाव आणि मोबाइल नंबर होता. संपादकांना कळवून काढून घेतलंय. लॉग सार्वजनिक जागी चिकटवायच्या आधी डोमेन, आयपी, नावं, टोकन हे सगळं पुसायचं. बाकी काय लिहिलं होतं ते शब्दांत सांगा.

---

जमाखर्च · सकाळी १०:४०

आभारी आहे ताई, लक्षात ठेवतो.

ओळीचा गाभा: ‘फास्टसीजीआय सेंट इन स्टडएरर’, पुढे ‘पीएचपी फेटल एरर, अनकॉट अनएक्स्पेक्टेडव्हॅल्यूएक्सेप्शन’, आणि मग असं की स्टोरेज/लॉग्ज मधली कालच्या तारखेची लाराव्हेलची फाइल ‘अपेंड मोड’मध्ये उघडता आली नाही, परमिशन डिनाइड.

म्हणजे लॉग लिहिता आला नाही म्हणून साइट पडली? लॉग लिहिता आला नाही ही तक्रार लॉगमध्ये कशी लिहिणार, म्हणून ती लाराव्हेलच्या फायलीत नव्हती?

आणि एलएस -एल: रविवारच्या फायलीचा मालक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. सोमवारच्या, म्हणजे कालच्या, फायलीचा मालक रूट. त्याआधी शनिवारचीही रूटची. वहीत बघितलं, अर्ज अडकले ते दिवस हेच. शनिवार आणि सोमवार.

---

कन्सोलकाका · सकाळी ११:१५

बरोब्बर. आता रूटचा क्रॉनटॅब (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) दाखवा. सुडो क्रॉनटॅब -एल.

---

जमाखर्च · सकाळी ११:२१

एकच ओळ आहे. पाच तारे, मग सीडी करून साइटचं फोल्डर, मग पीएचपी आर्टिसन शेड्यूल:रन.

---

कन्सोलकाका · सकाळी ११:५८

झालं तर. चोर घरातलाच. पाच तारे म्हणजे दर मिनिटाला, आणि आर्टिसन ही लाराव्हेलची कमांड.

तुमच्या अ‍ॅपचा लॉग ‘डेली’ पद्धतीवर आहे, रोज नवीन फाइल. (तो जुना लाराव्हेल.लॉग त्याआधीच्या ‘सिंगल’ पद्धतीचा अवशेष, म्हणून त्याची शेवटची ओळ जुनी.) नवीन फाइल मध्यरात्री आपोआप तयार होत नाही. त्या दिवशी पहिली ओळ जो लिहील तो ती तयार करतो, आणि फाइल त्याच्या मालकीची होते. लिहिणारे दोघे: वेबवरून आलेलं काम, ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरने चालतं, आणि क्रॉनमधलं काम, ते तुमच्याकडे रूट म्हणून चालतं.

वेबने पहिली ओळ लिहिली तर फाइल डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाची. मागून रूट आला तरी त्याला कोण अडवणार, तोही लिहितो. दिवस चांगला जातो. क्रॉनने पहिली ओळ लिहिली तर फाइल रूटची, इतरांना फक्त वाचायची मुभा. मग कोणी अर्ज भरतो, अर्ज डेटाबेसात जातो, त्यानंतर कोडमधली ‘नवीन नोंदणी आली’ अशी ओळ लॉगमध्ये लिहायला जाते आणि आपटते. ती आपटली हे नोंदवायला लाराव्हेल परत त्याच फायलीकडे जातं, परत आपटतं, आणि पीएचपी जीव सोडते. म्हणून पालकांना ५००, तुमच्याकडे तिळे. नुसती स्थळं बघणाऱ्याला काही त्रास नाही, कारण ती पानं लॉगमध्ये काही लिहीत नाहीत.

आता एवढं सांगा, ते ‘नवीन स्थळांचे मेल’ कधी जातात?

---

जमाखर्च · दुपारी १२:१०

पहाटे साडेसहाला, आदल्या दिवशी नवीन स्थळ आलं असेल तरच. नसेल तर मेल नाही.

---

उंबरठा · दुपारी १२:१४

म्हणजे आदल्या दिवशी नवीन स्थळ आलं की दुसऱ्या दिवशी नोंदणी बंद! मंडळाच्या वार्षिक सभेत हे सांगूच नका.

---

कन्सोलकाका · दुपारी १२:३०

हसा, पण घडतंय तसंच. अ‍ॅपचा टाइमझोन यूटीसी ठेवलेला असेल तर लॉगची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. साडेपाच ते साडेसहा कोण अर्ज भरतोय? कोणी नाही. म्हणून मेल जायचे असले की क्रॉनचाच पहिला नंबर लागतो. त्या तासात एखाद्या बॉटमुळे वेबवरून काही नोंदलं गेलं तर तो दिवस योगायोगाने वाचतो.

उपाय:

पहिलं, स्टोरेज आणि बूटस्ट्रॅप/कॅशे ही दोन्ही फोल्डरं मालकाला परत करा: सुडो चोन -आर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, पुढे फोल्डरांची नावं. आर कॅपिटल. आजच्या पुरती साइट लगेच उठेल.

दुसरं, रूटच्या क्रॉनटॅबमधली ती ओळ काढा आणि सुडो क्रॉनटॅब -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा -ई करून तिथे टाका. आजार इथे जातो. पहिलं करून हे राहिलं तर पुढच्या नवीन स्थळाला परत फोन येणार.

तिसरं, यापुढे हाताने आर्टिसन चालवताना नुसतं सुडो नाही. सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा पीएचपी आर्टिसन आणि पुढे जे असेल ते. एकदा जरी रूट म्हणून चालवलंत तरी कॅशेची किंवा लॉगची एखादी फाइल रूटची होऊन बसते.

---

नेकारकाठ · दुपारी १:०५

लॉगिंगच्या कॉन्फिगमध्ये ‘परमिशन’ नावाचा पर्याय आहे, तिथे ०६६४ दिलं तर ग्रुपला लिहिता येतं. तो नाही का चालणार?

---

कन्सोलकाका · दुपारी १:२२

इथे एकट्याने नाही. रूटने तयार केलेल्या फायलीचा ग्रुपही रूटच असतो, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा त्यात कुठे? फोल्डरचा ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा करून वर जी+एस लावलं, म्हणजे आत तयार होणारी फाइल फोल्डरचाच ग्रुप घेईल, तर मग ०६६४ ला अर्थ आहे. डिप्लॉय करणारा युजर आणि वेबचा युजर खरोखर वेगळे ठेवायचे असतील तिथे मी तसं करतो. वधूवर मंडळाला एवढा संसार कशाला?

---

टिंबटिंब · दुपारी १:३०

७७७ ने चाललं असतं की.

---

निशिगंधा · दुपारी १:३३

नसतं चाललं. फोल्डरला ७७७ दिलंत तरी उद्या रूटने तयार केलेली नवीन फाइल ६४४ च (मालकाखेरीज सगळ्यांना फक्त वाचायला) असणार. रोज पहाटे उठून ७७७ मारणार होतात का?

---

टिंबटिंब · दुपारी १:३५

😐

---

दर्यावर्दी · संध्याकाळी ६:४०

धागा वाचून माझी साइट तपासली. मी मागे वर्डप्रेसमध्ये डब्ल्यूपी_डीबग_लॉग चालू केला होता. डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये डीबग.लॉग तयार झालेला दिसतोय. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला तर फाइल चक्क उघडली! हे असंच असतं?

---

निशिगंधा · संध्याकाळी ६:५८

हो, कोणी अडवलं नसेल तर असंच. ती फाइल वेबच्या फोल्डरात आहे, त्यामुळे पत्ता माहीत असलेल्या कोणालाही वाचता येते, आणि पत्ता सगळ्यांना माहीत आहे कारण तो सगळीकडे एकच. वर्डप्रेस ५.१ पासून त्या सेटिंगमध्ये ट्रूच्या जागी पूर्ण पाथ देता येतो. पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेरचा द्या. आणि काम झालं की बंद करा. जुनी फाइल आधी डाउनलोड करून मग उडवा.

---

उंबरठा · रात्री ८:१५

उडवण्यावरून एक सांगतो. आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर डिस्क १०० टक्के भरली होती. कोणीतरी भलामोठा अ‍ॅक्सेस लॉग आरएम (डिलीट) करून टाकला. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) तरीही १०० टक्केच दाखवतं, आणि डीयूने फायलींची बेरीज केली तर निम्मीही भरत नाही. अर्धा दिवस सगळे एकमेकांकडे बघत बसले.

फाइल नावापुरती गेली होती, पण इंजिनएक्सने ती उघडून धरलेली होती. धरणारा सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. एलएसओएफ +एल१ मारलं की अशी नाव गेलेली पण धरलेली प्रत्येक फाइल दिसते. इंजिनएक्स -एस रीओपन केलं आणि जागा सुटली. चालू लॉग रिकामा करायचाच असेल तर आरएम नको, ट्रंकेट -एस ०.

---

निशिगंधा · रात्री ८:३७

डॉकरवाल्यांचं (तिथे अ‍ॅप कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालतं) याहून वेगळं दुखणं. कंटेनरमध्ये शिरून /व्हार/लॉग/इंजिनएक्स बघितलं तर एरर.लॉग आहे, पण ती फाइल नाहीच, /डेव्ह/स्टडएररकडे (प्रोग्रॅम एररी जिथे ओततो तो मार्ग) जाणारी लिंक आहे. अधिकृत इमेज अशीच बनवलेली असते. वाचायचं ते डॉकर लॉग्जने. आणि ते सगळं होस्टवर /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स खाली एका जेसन फायलीत साठत राहतं, त्याला मुळात मर्यादाच नसते. मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल लावा. लावल्यावर कंटेनर नव्याने बनवावा लागतो, नुसता रीस्टार्ट करून लागू होत नाही. माझ्या टीममध्ये हे दरवर्षी कोणीतरी नव्याने शोधून काढतं.

---

जमाखर्च · रात्री ९:३०

काकांनी सांगितलेलं सगळं केलं. साइट लगेच उठली. आता नवीन स्थळ आल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं ते बघायचं.

मध्ये एक शंका. अध्यक्ष म्हणाले, लॉग किती दिवस ठेवायचा असतो? इथे तर दोन आठवड्यांपलीकडचं काही दिसत नाही.

---

कन्सोलकाका · रात्री १०:०४

दोन आठवडे हे दोन्हीकडचं मूळ माप. लाराव्हेलचा डेली लॉग १४ दिवस ठेवतो, आणि उबंटूवर इंजिनएक्सचे लॉग लॉगरोटेट रोज फिरवतं (जुनी फाइल बाजूला, नवीन चालू), १४ ठेवतं. दोन्ही वाढवता येतात. इंजिनएक्सचं /ईटीसी/लॉगरोटेट.डी/ मध्ये, लाराव्हेलचं लॉगिंगच्या कॉन्फिगमध्ये ‘डेज’.

सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात १८० दिवस म्हटलंय. ते सेवा पुरवणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर, बॉडी कॉर्पोरेट आणि सरकारी संस्थांसाठी. तुमचं मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदलंय की आणखी कशात, त्यावर तुमच्या सीएंशी बोलून घ्या. मी तुमच्या जागी असतो तर वेब सर्व्हरचे लॉग १८० केले असते, दाबून ठेवल्यावर किती जागा लागते अशी? पण लाराव्हेलच्या लॉगमध्ये आधी डोकावून बघा. त्या मुलाने अर्जातली नावं-नंबर जसेच्या तसे लॉगमध्ये ओतले असतील तर ते आधी बंद करा, दिवस वाढवायचं नंतर. आज सकाळी चिकटवलेल्या ओळीत ते दिसत होतं म्हणून म्हणतो.

---

जमाखर्च · शुक्रवार, सकाळी ९:१२

काल दोन स्थळं आली. आज पहाटे मेल गेले. सकाळी आठला मी स्वतः खोटा अर्ज भरून बघितला. गेला! आजच्या फायलीचा मालक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. काकांना, निशिगंधाताईंना आणि सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

लॉगमध्ये नाव, जन्मवेळ आणि मोबाइल पडत होता हे खरं निघालं. ती ओळ बदलून आता फक्त अर्जाचा क्रमांक लिहिला जातो. जुन्या फायली काढल्या. तिळ्यांचं एकत्रीकरण चालू आहे.

---

नेकारकाठ · शुक्रवार, दुपारी २:४०

धागा तापलेला आहे तोवर माझंही एक. जॅंगो (पायथनचा सांगाडा), गनिकॉर्नवर (ते चालवणारा सर्व्हर), डेबियन १२. /व्हार/लॉगमध्ये सिसलॉग नावाची फाइलच नाही, आणि अ‍ॅप सुरू होताच मरतं. इंजिनएक्सच्या लॉगमध्ये फक्त ‘कनेक्ट फेल्ड’. अ‍ॅपचं स्वतःचं रडगाणं कुठे ऐकू?

---

कन्सोलकाका · दुपारी ३:०१

डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (सिसलॉग फाइल लिहिणारा प्रोग्रॅम) मुळात बसवलेला येत नाही, म्हणून सिसलॉग नाही. गनिकॉर्न एररी स्टडएररवर फेकतं, सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) त्या झेलून जर्नल या आपल्या नोंदवहीत ठेवतं. सुडो जर्नलसीटीएल -यू, पुढे तुमच्या सर्व्हिसचं नाव, पुढे -एन १००. अ‍ॅपने /टीएमपीमध्ये काही लिहिल्याचं कोडमध्ये दिसत असेल आणि फाइल तिथे नसेल, तर युनिट (सर्व्हिसच्या सेटिंगच्या) फायलीत प्रायव्हेटटीएमपी आहे का बघा. असेल तर ती /टीएमपीच्या आत सिस्टमडी-प्रायव्हेटने सुरू होणाऱ्या फोल्डरात सापडेल.

---

नेकारकाठ · दुपारी ३:१७

जर्नलमध्ये पहिल्याच ओळीत होतं. मॉड्यूल सापडत नाही. युनिट फायलीत व्हर्च्युअल एन्व्हचा पाथ जुन्या फोल्डरचा राहिला होता. चाललं. डांके, काका.